मुलाम्याच्या आत

आमच्या लहानपणी खोताच्या वाडीत वर्षातून दोनदा कल्हईवाला यायचा. एकदा गणपतीच्या आधी आणि एकदा नाताळच्या आधी. वाडीच्या तोंडाशी मोकळ्या जागेत तो भट्टी पेटवायचा आणि चामड्याचा भाता भसाभसा हलवायला लागायचा. काळवंडलेलं पातेलं लालसर तापलं की त्यात नवसागराची चिमूट पडायची, पांढऱ्या धुराचा लोट उठायचा, कथलाची कांडी फिरायची आणि कापसाच्या बोळ्याचा एक हात मारला की पातेलं आतून चांदीसारखं लखलखायचं. आम्ही पोरं डोळे विस्फारून बघायचो. आजी मात्र म्हणायची, "भुलू नका रे. कल्हई आहे ती. चार महिन्यांत तांबं पुन्हा वर येईल."

आजीच्या त्या वाक्यात आपल्या भाषेचा एक जुना संशय आहे. कल्हई काय किंवा मुलामा काय, हे शब्द आपण जरा नाक मुरडूनच वापरतो. एखाद्याच्या गोडव्याला मुलामा म्हटलं की तो माणूस आतून तसा नाही, हे वेगळं सांगावं लागत नाही. खरं म्हणजे मुलामा हा शब्द मूळचा अरबी, फारसीच्या वाटेनं आपल्याकडे आला. मुळात त्याचा अर्थ झळाळी आणलेलं, चकाकवलेलं, एवढाच. फसवणुकीचा वास त्याला नंतर लागला.

श्रोतेहो, आज मी तुमच्याशी ज्या मूर्तींविषयी बोलणार आहे, त्या मुलाम्याच्याच आहेत. तांब्याच्या किंवा ब्राँझच्या ओतीव मूर्ती, वरून सोन्याचा मुलामा दिलेल्या. बुद्धाच्या, बोधिसत्त्वांच्या, तारेच्या. त्यांची जन्मभूमी मुख्यतः नेपाळ आणि तिबेट. पण त्या पाहायला तुम्हाला हिमालय चढायला नको. चर्नी रोडहून लोकल पकडली तर चर्चगेटला उतरून काळा घोड्यापर्यंत चालत जाता येतं. आणि मला तर त्यांची पहिली ओळख झाली ती घरापासून वीस पावलांवर.

खोताची वाडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू गृहस्थांच्या मालकीची ही जमीन. त्यांनी तिचे तुकडे इथल्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांना घरं बांधायला दिले, आणि गिरगावच्या मध्यावर लाकडी जिने, नक्षीदार कठडे, कौलारू छपरं आणि दारापुढे क्रूस असं एक वेगळंच गाव उभं राहिलं. एकेकाळी इथे साठ-पासष्ट अशी घरं होती. आज त्यांतली निम्मीसुद्धा उरलेली नाहीत. शेजारी आमच्यासारख्यांच्या चाळी. त्यामुळे आरतीच्या टाळा आणि चर्चची घंटा हे आमचं एकच वेळापत्रक होतं.

अशाच एका घरात आमची आंटी राहायची. नाव सांगत नाही. आम्हा सगळ्या पोरांची ती आंटीच. तिचे सासरे जुन्या काळी कलकत्त्याच्या हॉटेलांत बँडमध्ये कॉर्नेट वाजवायचे. उन्हाळ्यात साहेब मंडळी दार्जिलिंगला गेली की बँडही त्यांच्यामागे दार्जिलिंगला. तिथून जवळच कालिम्पाँग. तिबेटातून लोकरीच्या गाठी घेऊन खेचरांचे तांडे तिथे उतरायचे. अशाच एका व्यापाऱ्याकडून सासऱ्यांनी एक मूर्ती घेतली आणि मुंबईला आणली. आंटीच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, सेंट अँथनीच्या पुतळ्याशेजारी आणि कॉर्नेटच्या पेटीवर, ती वीतभर उंचीची मूर्ती बसलेली असायची.

आम्ही तिला 'सोन्याचा देव' म्हणायचो. तो कुठला देव हे ना आंटीला ठाऊक होतं, ना आम्हाला. अंगावर दागिने, डोक्यावर मुकुट, मुकुटाच्या पुढच्या बाजूला घुमटासारखं काहीतरी इवलंसं. खांद्याशी दोन फुलं, एका फुलावर छोटासा कमंडलू. नाकाच्या शेंड्यावर आणि गुडघ्यावर सोनं झिजून खालचं तांबं गुलाबीसर दिसायचं. दारातून ऊन आत आलं की कपाटात दिवा लावल्यासारखं वाटायचं.

ती मूर्ती पुढे विकली गेली. त्या विक्रीला मी हजर होतो, आणि जे झालं त्यात माझाही हात होता, अगदी शब्दशः. पण ते शेवटी सांगतो. कारण त्या दिवशी आम्ही काय केलं हे कळायचं तर आधी ही मूर्ती म्हणजे काय ते कळायला हवं, आणि तेच मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

मुकुटातला तो घुमट म्हणजे स्तूप. मुकुटात स्तूप आणि जवळ कमंडलू ही मैत्रेयाची खूण. मैत्रेय म्हणजे पुढे येणारा बुद्ध. गौतम बुद्धाची शिकवण जग विसरून जाईल तेव्हा तो जन्म घेईल, तोवर तुषित नावाच्या स्वर्गात बोधिसत्त्वरूपानं वाट पाहत राहील, अशी श्रद्धा आहे. बौद्ध धर्माच्या जवळजवळ सगळ्या शाखा त्याला मानतात. सिंहलद्वीपात त्याच्या मूर्ती आहेत, चीन-जपानात आहेत, तिबेटात तर मोठमोठ्या आहेत.

आता प्रश्न असा, की ज्या धर्मानं घरदार, राज्य, दागदागिने सोडायला सांगितलं, त्याच्या मूर्तींना सोनं कशाला? याचं उत्तर ग्रंथांतच आहे. महापुरुषाच्या शरीराची बत्तीस लक्षणं सांगितली आहेत, त्यांतलं एक म्हणजे सुवर्णवर्ण, सोन्यासारखी कांती. महापरिनिर्वाण सूत्रात एक प्रसंग येतो. पुक्कुस नावाचा मल्ल भगवंतांना सोनेरी वस्त्रांची जोडी अर्पण करतो. आनंद ते वस्त्र त्यांच्या अंगावर घालतो आणि पाहतो तो काय, कांतीपुढे वस्त्रच फिकं पडलेलं. म्हणजे मूर्तीवरचं सोनं हा दागिना नाही, ती त्वचा आहे. मूर्तिकार मूर्तीला नटवत नव्हता, ग्रंथात सांगितलेला रंग देत होता. आपल्या महाराष्ट्रातल्या विहारांमध्ये थायलंडहून आलेल्या सोनेरी बुद्धमूर्ती तुम्ही पाहिल्या असतील. त्या सोनेरी असतात त्यामागेही हीच परंपरा आहे.

हा मुलामा चढवायची रीत समजून घेण्यासारखी आहे. काठमांडूच्या खोऱ्यात पाटण नावाचं शहर आहे, त्यालाच ललितपूर म्हणतात. तिथले नेवार कारागीर, विशेषतः शाक्य घराणी, पिढ्यान्‌पिढ्या हे काम करत आली आहेत. आधी मेणाची मूर्ती करायची, अगदी नखाच्या रेषेपर्यंत पूर्ण. तिच्यावर माती, शेण आणि भाताचं तूस यांचे थर चढवायचे. वाळल्यावर भट्टीत घालून मेण वितळवून काढायचं आणि आतल्या पोकळीत धातूचा रस ओतायचा. साचा फोडूनच मूर्ती बाहेर येते, त्यामुळे एका मेणाची मूर्ती एकच. दुसरी हवी तर पुन्हा मेणापासून सुरुवात.

इथे एक गंमत आहे. संग्रहालयांच्या पाट्यांवर या मूर्तींना सरसकट 'ब्राँझ' म्हटलेलं असतं, पण नेपाळच्या पुष्कळशा मूर्ती जवळजवळ शुद्ध तांब्याच्या आहेत. ब्राँझ म्हणजे तांबं आणि कथील, शिवाय बऱ्याचदा शिसं. ते ओतायला सोपं. शुद्ध तांबं ओतायला कठीण, ते साच्यात नीट वाहत नाही. तरी नेवार कारागिरांनी तांबंच पसंत केलं, कारण सोनं तांब्यावर चांगलं धरतं. शिसं असलं तर मुलाम्याला डाग पडतात. म्हणजे पुढचं सोनं नीट बसावं म्हणून त्यांनी आधीचं ओतकाम अवघड करून घेतलं.

मग मुलामा. सोनं पाऱ्यात विरघळवून लोण्यासारखा लगदा करतात. मूर्ती आंबट फळांच्या रसानं घासून लख्ख करतात आणि तो लगदा तिच्यावर लेपतात. त्या वेळी मूर्ती सोनेरी नव्हे, चांदीसारखी राखी दिसते. मग तिला विस्तवावर धरायचं. पारा ३५७ अंश सेल्सियसला उकळतो. तो वाफ होऊन उडून जातो आणि सोनं तांब्याला घट्ट चिकटून राहतं. शेवटी अकीक दगडानं घोटलं की झळाळी येते. कल्हईसारखं ते चार महिन्यांत उतरत नाही. सातशे-आठशे वर्षांपूर्वीच्या मूर्तींवरचा मुलामा आजही जागच्या जागी आहे.

पण ती पाऱ्याची वाफ जाते कुठे? काही हवेत जाते आणि काही विस्तवाजवळ बसलेल्या माणसाच्या छातीत. पाऱ्यानं हात थरथरायला लागतात, हिरड्या सुजतात, माणूस भ्रमिष्टासारखा होतो. जगात जिथे जिथे या पद्धतीनं मुलामा दिला गेला, तिथे तिथे कारागिरांनी ही किंमत मोजली आहे. रशियात सेंट पीटर्सबर्गच्या सेंट आयझॅक चर्चचा घुमट एकोणिसाव्या शतकात असाच सोन्यानं मढवला, तेव्हा पाऱ्याच्या वाफेनं कारागिरांचे जीव गेले. मूर्तीचा शांत, अर्धोन्मीलित डोळ्यांचा चेहरा पाहताना मला हल्ली तो विस्तवापुढचा माणूस आधी आठवतो. त्याचं नाव मूर्तीवर सहसा नसतं. दात्याचं असतं.

एका कारागिराचं नाव मात्र इतिहासानं जपून ठेवलं. अर्निको. १२६०मध्ये तिबेटात एक सुवर्णस्तूप उभारायचा होता, त्यासाठी नेपाळच्या राजाकडून कारागीर मागवले गेले. ऐंशी जणांची तुकडी निघाली आणि तिचा प्रमुख होता हा जेमतेम सोळा-सतरा वर्षांचा पोरगा. तिबेटातलं काम पाहून त्याला पुढे कुब्लाई खानाच्या दरबारात नेण्यात आलं. बीजिंगमध्ये आजही उभा असलेला पांढरा स्तूप त्याच्याच देखरेखीखाली बांधला गेला. पाटणच्या गल्लीतली कला अशी बीजिंगपर्यंत पोचली.

आता या मूर्तींच्या सगळ्यात महत्त्वाच्या भागाकडे येतो. तो डोळ्यांना दिसत नाही. या मूर्ती पोकळ असतात. ओतून, मुलामा देऊन झालेली मूर्ती ही अजून नुसती वस्तू असते. आपल्याकडे गणपतीची प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत तो शाडूचा गोळा असतो, तसंच. मग तिच्या पोटात मंत्र लिहिलेल्या कागदांच्या घट्ट वळकट्या भरतात. धान्याचे दाणे, सुगंधी लाकडाची पूड, कधी एखादा मणी, कधी कुणा आचार्याच्या वस्त्राचा धागा. मधोमध एक सडसडीत काठी उभी करतात, तिबेटी लोक तिला प्राणाची काठी म्हणतात. हे सगळं भरून झालं की बुडाशी तांब्याचा पत्रा बसवून कडा ठोकून बंद करतात. पत्र्यावर दोन वज्रांची फुली कोरलेली असते. ती खूण सांगते की आतलं आत राहू द्या.

बाहेरच्या सोन्यापेक्षा हा ऐवज मोलाचा. भक्त नमस्कार करतो तो या आतल्याला. पण बाजारात मूर्ती आली की व्यापाऱ्याचं लक्ष आधी बुडाकडे जातं. आत रत्नं असतील, या आशेनं जगभर अशा असंख्य मूर्तींची बुडं उचकटली गेली. संग्रहालयांत मूर्ती पाहाल तेव्हा लक्षात ठेवा, त्यांतल्या पुष्कळशा आतून रिकाम्या आहेत.

आपल्या मुंबईत अशा मूर्तींचा मोठा संग्रह छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे, जुन्या नावानं प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम. ते १९२२मध्ये लोकांसाठी खुलं झालं. तिथल्या नेपाळ-तिबेटच्या मूर्तींचा बराच भाग टाटा बंधूंच्या संग्रहांतून आला आहे. जमशेटजींचे धाकटे चिरंजीव सर रतन टाटा १९१८मध्ये वारले, त्यांचा संग्रह संग्रहालयाला मिळाला. थोरले सर दोराब टाटा १९३२मध्ये वारले, पुढच्याच वर्षी त्यांचाही संग्रह तिथे आला. या रतन टाटांना जुन्या गोष्टींची ओढ किती असावी? पाटण्याला मौर्यांच्या पाटलिपुत्राचं उत्खनन १९१३मध्ये सुरू झालं ते त्यांच्या पैशानं.

हिमालयातल्या मूर्ती बाहेर पडल्या त्याच्या वाटा अनेक. काही रीतसर विकल्या गेल्या, काही भेट म्हणून आल्या. १९०४मध्ये यंगहजबंडची इंग्रज फौज ल्हासात शिरली, तिच्यामागून पुष्कळ वस्तू कलकत्त्याच्या बाजारात आल्या. १९५९नंतर तिबेटातून परागंदा झालेल्यांनी पोटासाठी बरोबर आणलेले देव विकले. नेपाळची दारं १९५१नंतर परदेशी पाहुण्यांना उघडली आणि चोरांनाही. चौकाचौकांत उघड्यावर पूजेत असलेल्या मूर्ती रातोरात नाहीशा होऊ लागल्या. लैनसिंह बांगदेल या नेपाळी चित्रकार-अभ्यासकानं १९८९मध्ये अशा चोरीला गेलेल्या मूर्तींचं सचित्र पुस्तकच प्रसिद्ध केलं. त्या छायाचित्रांचा पुरावा पुढे कामी आला. पाटणची लक्ष्मी-नारायणाची दगडी मूर्ती १९८४मध्ये चोरीला गेली होती. ती २०२१मध्ये अमेरिकेतल्या डॅलसच्या संग्रहालयातून परत आली आणि पाटणकरांनी तिला मिरवत नेऊन पुन्हा देवळात बसवलं. सदतीस वर्षं देवळाबाहेर राहिलेल्या देवाला पुन्हा कुंकू लागलं.

नेपाळचं आणि मुंबईचं नातं याहूनही जुनं आहे. ते एका पंडितामुळे. भगवानलाल इंद्रजी हे जुनागढचे. १८६०नंतरच्या काळात ते मुंबईला आले ते डॉ. भाऊ दाजी लाड यांचे सहकारी म्हणून. भाऊ दाजींनी त्यांना शिलालेखांच्या शोधात देशभर फिरवलं, अगदी नेपाळपर्यंत पाठवलं. १८७४मध्ये भाऊ दाजी गेले. नेपाळात वाचलेले तेवीस शिलालेख भगवानलालांनी १८८०मध्ये प्रसिद्ध केले आणि नेपाळच्या प्राचीन इतिहासाला कालक्रमाचा आधार मिळाला. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या या माणसाला हॉलंडमधल्या लायडन विद्यापीठानं सन्मान्य डॉक्टरेट दिली.

त्याच भगवानलालांनी १८८२मध्ये, मुंबईच्या अगदी उंबऱ्यावर, नालासोपाऱ्याला एक टेकाड खणलं. गावकरी त्याला 'बुरुड राजाचा कोट' म्हणत. सोपारा म्हणजे प्राचीन शूर्पारक, अपरान्ताचं मोठं बंदर. अशोकाच्या आज्ञांचा शिलालेख जिथे कोरला गेला ते ठिकाण. भगवानलालांनी ओळखलं की हा कोट नव्हे, हा विटांचा स्तूप आहे. मधोमध खणत गेल्यावर विटांच्या कोठीत एक गोल दगडी पेटी सापडली. तिचं झाकण उघडलं तर आत मधोमध तांब्याचा एक करंडक आणि त्याच्याभोवती कडं करून बसलेल्या आठ छोट्या धातुमूर्ती. सात बुद्ध, म्हणजे विपश्यीपासून शाक्यमुनींपर्यंतचे, साध्या चीवरातले. आणि आठवा मुकुट घातलेला, अलंकार ल्यायलेला. मैत्रेय!

आंटीच्या कपाटातला आमचा 'सोन्याचा देव' आणि सोपाऱ्याच्या मातीतला हा देव एकच. एक हिमालयापलीकडून आलेला, दुसरा विरार लोकलच्या टप्प्यातला. तिबेटात मैत्रेयाची जी वाट पाहिली जात होती, ती आपल्या कोकणपट्टीतही पाहिली जात होती.

पण खरी गोष्ट पुढेच आहे. भगवानलालांनी तांब्याचा करंडक उघडला. आत चांदीचा करंडक. त्याच्या आत दगडाचा. त्याच्या आत स्फटिकाचा. आणि सगळ्यात आत सोन्याचा. भोवती सोन्याची नाजूक फुलं. आणि त्या सोन्याच्या करंडकात काय असावं? मातीच्या भांड्याची तेरा लहानशी खापरं. भगवानलालांचा निष्कर्ष असा, की ही बुद्धाच्या भिक्षापात्राची खापरं म्हणून जपली गेली होती.

पेटीत यज्ञश्री सातकर्णीचं चांदीचं नाणंही होतं, ते दुसऱ्या शतकाच्या आसपासचं. मूर्ती मात्र त्यांच्या घडणीवरून आठव्या-नवव्या शतकातल्या वाटतात. याचा अर्थ, मधे कधीतरी कुणीतरी हा स्तूप उघडला होता. उघडला, पण लुटला नाही. सोनं होतं तिथेच ठेवलं, भोवती आठ मूर्ती मांडल्या आणि पुन्हा बंद केला. मला या अनाम माणसांचं फार कौतुक वाटतं. पाच-सहाशे वर्षांपूर्वीची पेटी उघडून, आतलं सोनं हातात घेऊन, ते परत जागेवर ठेवणारी माणसं! सोपाऱ्याचा हा ठेवा पुढे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आला.

पाटणच्या मूर्तीत सोनं सगळ्यात बाहेर आणि आत कागद. सोपाऱ्याच्या पेटीत तांबं बाहेर, सोनं आत, आणि सोन्याच्याही आत माती. दोन्हीकडे सोनं हे आवरणच. ज्याच्यासाठी हे सगळं केलं ते बाजारात दोन पैशांनाही न विकलं जाणारं.

आता आंटीच्या घरी परत येतो. साल १९८१. आंटीचे यजमान वारले होते. घराच्या वाशांना वाळवी लागली होती आणि पावसाळ्यापूर्वी छप्पर बदलणं भाग होतं. आंटीनं बरेच दिवस विचार केला आणि मूर्ती विकायचं ठरवलं. मी तेव्हा कॉलेजात इतिहास शिकत होतो. आंटीच्या लेखी तो मूर्तीतलं कळणारा माणूस. म्हणून तिनं मला बरोबर घेतलं. वर्तमानपत्रात गुंडाळलेली मूर्ती मांडीवर घेऊन ती टॅक्सीत बसली होती ते अजून डोळ्यांसमोर आहे.

आम्ही जुन्या वस्तूंच्या एका व्यापाऱ्याकडे गेलो. त्यानं मूर्ती उलटी केली, बुडाजवळ सुईनं एक ओरखडा काढला आणि म्हणाला, "सोनं नाही बाई. तांबं आहे. वर नुसता मुलामा." आजीचाच शब्द, आजीच्याच सुरात. मग त्यानं मूर्ती कानाशी नेऊन हलवली. आत काहीतरी खुळखुळलं. "बघू या," म्हणाला आणि मला सांगितलं, "जरा धर रे, घट्ट."

मी मूर्ती उलटी धरली. दोन्ही हातांनी, घट्ट. त्यानं बुडाच्या पत्र्याखाली स्क्रूड्रायव्हर घातला. पत्र्यावरची ती फुली मी पाहिली होती, पण ती काय सांगते हे मला वाचता येत नव्हतं. इतिहासाची दोन वर्षं शिकलेल्या मला. पत्रा करकर करत निघाला. टेबलावर जवासारखे दाणे सांडले, लाकडाचे तुकडे, काळपट पूड आणि बोटाएवढ्या कागदाच्या सात-आठ वळकट्या, पिवळ्या दोऱ्यानं बांधलेल्या. सगळ्या दुकानभर धुपासारखा वास पसरला. इतक्या वर्षांचा कोंडलेला वास तो. रत्न एकही नव्हतं. व्यापाऱ्यानं हाताच्या एका फटक्यानं सगळं टेबलावरून केराच्या डब्यात लोटलं आणि भावाची बोलणी सुरू केली.

आंटी वाकली. तिनं डब्याच्या कडेला अडकलेली एक वळकटी उचलली आणि पर्समध्ये ठेवली. व्यापारी हसला, "कागद आहे बाई तो." आंटी म्हणाली, "कुणाची तरी प्रार्थना असेल रे. केरात कशी टाकायची?"

छप्पर त्या पावसाळ्यापूर्वी झालं. पैसे पुरे पडले नाहीत, पण निभावलं. मूर्ती पुढे कुठे गेली ते कळलं नाही. कागदाची ती वळकटी मात्र मी नंतर एकदा पाहिली, आंटीच्या प्रार्थनेच्या पुस्तकात, सेंट अँथनीच्या तसबिरीशेजारी. पुढे आंटी गेली. घर तिच्या भाच्यांनी विकलं. आज त्या जागी घर नाही.

मी त्या व्यापाऱ्याला दोष देत नाही. तो त्याचा धंदा करत होता. आंटीला तर मुळीच नाही. मूर्ती धरणारे हात माझे होते, आणि मी शिकलेला होतो. त्यानंतर मी या विषयावर जे काही वाचलं, संग्रहालयांत जाऊन जे पाहिलं, त्याच्या मुळाशी ती पाच मिनिटं आहेत.

म्हणून शेवटी, श्रोतेहो, थोडं व्यवहाराचं. आपल्यापैकी कुणाच्या घरी, कुणा आजोबांनी सैन्यातून, रेल्वेतून किंवा बोटीवरून आणलेली अशी एखादी मूर्ती असू शकते. तिला चिंच लावून किंवा भांडी घासायची पावडर वापरून घासू नका. तुम्हाला जो मळ वाटतो त्याच्याबरोबर मुलामाही निघून जाईल. नाकावर, गुडघ्यावर सोनं झिजलं असेल तर ती खराबी समजू नका, तो पिढ्यान्‌पिढ्यांच्या हातांचा स्पर्श आहे. बुडाशी पत्रा असेल तर तो कदापि काढू नका. मूर्ती शंभर वर्षांहून जुनी असेल तर १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार तिची सरकारदरबारी नोंद करावी लागते आणि ती देशाबाहेर नेता येत नाही. नोंद केली म्हणजे सरकार ती काढून घेतं, अशी पुष्कळांना भीती वाटते. तसं नाही, मूर्ती तुमच्याच घरी राहते. शंका असेल तर एखाद्या संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा. विकायचीच वेळ आली तर विका, पण आधी ती काय आहे हे समजून घ्या.

आणि काळा घोड्याच्या संग्रहालयात गेलात तर त्या सोनेरी मूर्तींपुढे दोन मिनिटं जास्त थांबा. चेहरा पाहून झाला की जरा वाकून खाली बुडाकडे बघा. पत्रा जागेवर आहे का, ते काचेतून दरवेळी दिसेलच असं नाही. मी मात्र दरवेळी वाकून बघतो.